पाहुणे पाण्यात

माझ्या एकुलत्या एका मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी दीड तास धरणाच्या मधोमध बसवून ठेवलं होतं.

रस्ता होता. हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर माझी बायको सुनंदा मागून सांगेलच. बाभुळगावकडून आमच्या बंजारा तांड्याला यायला बेंबळा धरणाच्या पाण्याला वळसा घालून डांबरी रस्ता आहे. (डांबरी म्हणजे, डांबर कुठे कुठे होतं ते ओळखू येतं.) पाऊण तासात माणूस घरी पोचतो. पण माझ्याकडे होडी होती. होडीला मोटर होती. आणि पाण्यातून सरळ गेलं की पंधरा मिनिटांत तांडा, असं मी वणीच्या पाहुण्यांना फोनवर तीनदा सांगून बसलो होतो.

मोटर कुठून आली तेही सांगतो. मी लोहाऱ्याला एका कारखान्यात फिटर आहे. फिटर माणसाला भंगार कधी दिसतच नाही. त्याला 'थोडंसं काम असलेलं मशीन' दिसतं. मासेमारीच्या एका ठेकेदाराने टाकून दिलेली ही जुनी टू-स्ट्रोक मोटर मी अशीच घरी आणली आणि अंगणात निळ्या ड्रममध्ये पाणी भरून दोन महिने चालवली. ड्रममध्ये ती अशी गरजायची की शेजारच्या म्हशीने पान्हा सोडणं बंद केलं! शेजारी भांडायला आला तेव्हा मी त्याला अभिमानाने म्हणालो, "पावर पाहून राह्यला ना तू?"

पाण्यातही मी ती तीनदा नेऊन आणली होती. एकट्याने. रिकाम्या होडीत.

तर त्या रविवारी दुपारी वणीची गाडी काठावर येऊन थांबली. गाडीतून तिघं उतरले. मुलाचे वडील जाधवभाऊ, कोळशाच्या खाणीत डंपर दुरुस्त करणाऱ्या विभागातले जुने जाणते माणूस. त्यांच्या थोरल्या बहीण कमलाबाई, म्हणजे मुलाच्या आत्या, ज्यांच्या होकाराशिवाय त्या घरात चहासुद्धा उकळत नाही असं आमच्या कानावर आलेलं. आणि मुलगा अमोल, शाळेत गणित शिकवणारा, अगदीच कमी बोलणारा. माझ्या बाजूने मी होतो आणि माझी याडी, म्हणजे आई. पाहुण्यांना आणायला घरातलं मोठं माणूस पाहिजे, असं तिने कारण दिलं. खरं कारण तिने होडीत बसताना सांगितलं.

"तुयावर सोडून चालत नाही, गुलाब."

जाधवभाऊंनी मोटरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ही चालते?"

"चालते म्हणजे! बसा तर तुम्ही."

"आमच्या डंपरचं एक चाक तुमच्या या होडीएवढं आहे," ते म्हणाले आणि धोतर सावरून बसले. गाडी ड्रायव्हरसोबत रस्त्याने तांड्यावर पाठवून दिली.

लाइफ जॅकेट दोनच होती. ती जाधवभाऊंना आणि आत्यांना घातली. अमोलच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला. याडीने मात्र काही घालून घेतलं नाही. आमचा जुना तांडा आणि वावर याच पाण्याखाली गेलंय. ती म्हणाली, "या जमिनीवर मी वीस वर्सं निंदण केलं. इथं बुडून कशी मरीन मी?"

निघतो न निघतो तोच आत्यांनी पदर नाकाला लावला. "पेट्रोलचा लय वास येऊन राह्यला, बाप्पा. मले मळमळते."

झालं! मुलाच्या आत्यांना मळमळतं म्हणजे काय! मी लगेच टाकीचं झाकण आवळलं आणि झाकणावरचा बारका स्क्रूसुद्धा पान्याने गच्च पिळला. वास बंद. आत्यांनी पदर खाली घेतला. मला वाटलं, अर्धं लग्न इथेच जमलं.

पहिली दहा मिनिटं होडी अशी सुसाट गेली की काय सांगू! समोर तांड्याचा काठ दिसत होता, अंगणात मांडलेला मंडप दिसत होता. जाधवभाऊंची मान कौतुकाने डोलतेय असं मला वाटलं. (ती लाटांनी डोलत होती, हे नंतर कळलं.)

मग आवाज बदलला.

घर्रर्र होतं, त्याचं घुर्र झालं. घुर्रचं घुर… घुर… आणि होडी कुणीतरी मागून धरल्यासारखी हळू झाली. मी वेगाची मूठ आणखी पिळली. मोटर खोकली, एक उसासा सोडला आणि गप्प.

एकदम इतकं शांत झालं की पाणी होडीला थापटतंय तेही ऐकू यायला लागलं.

"काय झालं?" आत्या.

"काही नाही. जरा श्वास घेऊन राह्यली ती."

दोरी ओढली. सातव्या ओढीला चालू झाली, दोन मिनिटं चालली, पुन्हा उसासा. पुन्हा ओढली. दीड मिनिट. पुन्हा उसासा.

"प्लग," जाधवभाऊ म्हणाले.

"कार्बोरेटर," मी म्हणालो.

"तुम्ही मला इंजिन शिकवता? शंभर टनाचे डंपर उभे केले मी!"

"भाऊ, डंपर जमिनीवर चालते."

"काका," अमोल हळूच म्हणाला, "टाकीचं झाकण उघडून पाहू का?"

"तू थांब!" आम्ही दोघंही एकदमच म्हणालो. दिवसभरात आमचं एकमत झालं ते एवढंच.

आधी त्यांच्या मताला मान द्यायचा म्हणून प्लग काढला. काळा होता. जाधवभाऊंनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, फुंकला, उन्हात धरून पाहिला आणि अतिशय अनुभवी हाताने माझ्याकडे देताना पाण्यात सोडला.

डुब्.

"दुसरा असंल ना?" ते म्हणाले.

होता. जुना, पण होता. तो मी बसवला, पान्याने आवळला आणि सुटकेचा श्वास टाकताना पानाही टाकला. तोही पाण्यातच. आता आमचा हिशेब बरोबर झाला होता, पण मोटर तशीच होती.

या झटापटीत तास उलटला, तेवढ्यात फोन वाजला. सुनंदा.

"अहो, तुम्ही दिसून राह्यले इथून. उभे काहून हा?"

जाधवभाऊ ऐकत होते. मी आवाजात हसू आणलं. "पाहुण्यांले धरण दाखवून राह्यलो!"

"एकाच जाग्यावरून? आणि ऐका, त्यांचा ड्रायव्हर आला. जेवला बी. झोपला बी."

मी फोन ठेवला. होडी एकाच जागी नाहीये हे तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. पश्चिमेकडे आभाळ काळंनिळं झालं होतं आणि तिकडून वारा सुटला होता. तो आम्हाला आडवं करून तांड्यापासून दूर ढकलत होता. वल्हं एकच होतं. मी ते मारत होतो, पण पाच माणसांची होडी आणि अंगावरचा वारा! मी एका बाजूने मारलं की ती गोल फिरायची. पाहुण्यांना खरंच चारही बाजूंनी धरण दिसलं.

एक लाट होडीच्या काठावरून आत आली. आत्यांच्या चपला भिजल्या. मग दुसरी.

"पाणी किती खोल आहे इथे?" आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज आता लहान झाला होता.

"जास्त नाही," मी म्हणालो.

याडीने डोळ्यांवर हात धरून आजूबाजूला पाहिलं. "इथं नाही खोल. इथं आपली कापसाची पऱ्हाटी राहे. थे समोर वाळकी बाभूळ दिसते ना पाण्यातून वर आलेली? थ्या बाभळीपाशी आपली विहीर हाये. तिथं खोल हाये."

वारा आम्हाला सरळ त्या बाभळीकडे नेत होता.

"याडी, तू जरा गप बसतं का?"

"म्या काय केलं? त्यांनी इचारलं, म्या सांगितलं."

होडीत पाणी वाढायला लागलं. उपसायला भांडं नव्हतं. तेव्हा आत्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात पेढे होते, मुलगी पसंत पडली तर वाटायचे म्हणून वणीहून आणलेले. आत्यांनी एक क्षण डब्याकडे पाहिलं, एक क्षण पायाखालच्या पाण्याकडे, आणि सगळे पेढे भराभर आमच्या ओंजळीत टाकले. "खा! टाकू नका, खा!" अशा तऱ्हेने मुलगी पाहायच्या आधीच पसंतीचे पेढे वाटले गेले. मी पाच खाल्ले. एकाचीही चव कळली नाही. आत्या पेढ्याच्या डब्याने पाणी उपसत होत्या आणि ओठातल्या ओठात सेवालाल महाराजांचं नाव घेत होत्या.

इथे मला गंमत सुचत नाही. होडीतल्या बाकीच्या चौघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. मला येतं, पण विहिरीत, आणि एका माणसापुरतं. काठावर माणसं गोळा झालेली दिसत होती. त्यात एक ठिपका हिरवा होता. माझ्या मुलीने, पल्लवीने, त्या दिवशी हिरवी साडी नेसली होती. मला वाटलं, या पोरीच्या डोळ्यांदेखत मी तिची आजी बुडवणार. आणि तेही अर्धा तास वाचवायला.

"काका, मी उघडतो झाकण," अमोल म्हणाला. या वेळी त्याने विचारलं नाही. तो सरकत टाकीपाशी गेला, झाकण फिरवलं, आणि

स्स्स्सूँऽऽऽ!

टाकीने एवढा मोठा श्वास आत ओढला की जाधवभाऊ दचकले.

"टाकीत हवाच जात नव्हती," अमोल म्हणाला. "पेट्रोल खाली जाईल, पण त्याच्या जागी वरून हवा यायला पाहिजे ना. हा वरचा स्क्रू बंद होता. बघा, नळीवरचा हा रबरी फुगाही चपटा झालाय."

फुगा चपटा झालेला मी मघाशीच पाहिला होता. पाहून मी काय निदान केलं होतं? 'फुगा जुना झाला.' पंचवीस वर्षं फिटर आहे मी!

"तो स्क्रू कुणी बंद केला?" जाधवभाऊंनी विचारलं.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्यांकडे पाहिलं. आत्या खाली वाकून पाणी उपसायला लागल्या, मी फुग्याकडे वळलो, आणि त्या क्षणी आमचं सोयरिकीचं पहिलं नातं जुळलं.

फुगा दाबला, दोरी ओढली, मोटर पहिल्या झटक्यात चालू! आवाज कसा, ड्रममधल्यासारखा! माझा ऊर भरून आला. गेलेली अब्रू एकदम परत आणायची म्हणून मी मूठ एकदम शेवटपर्यंत पिळली.

कट्ट!

पाण्याखाली काहीतरी वाजलं. मोटर किंचाळायला लागली. अशी किंचाळली की बाभळीवरचे बगळे उडाले. आणि होडी? होडी जागच्या जागी! आवाज ट्रकचा आणि चाल शून्य.

"आता काय?" जाधवभाऊ ओरडले.

"पावर आहे!" मी ओरडलो. "पावर पूर्ण आहे!"

"मग जात काहून नाही?"

वाऱ्याला आमच्या चर्चेशी देणंघेणं नव्हतं. बाभूळ हाताच्या अंतरावर आली. आता तिच्या फांद्या होडीला अडकून होडी कलंडली असती, नाहीतर आम्ही तिला घासून पलीकडे उघड्या पाण्यात गेलो असतो, जिथे नुसत्या लाटाच दिसत होत्या. अमोल उभा राहिला. पाठीवर तेलाचा डबा, अंगात पाहण्याच्या कार्यक्रमाचा पांढरा शर्ट. त्याने दोन्ही हातांनी बाभळीची जाड फांदी धरली आणि होडी तिच्यापासून तेवढीच दूर रोखली.

"अरे, काटे हायेत!" आत्या किंचाळल्या.

"हो, कळलं," तो म्हणाला. पण सोडली नाही.

मोटर किंचाळतच होती. मी वाकून पंखा पाहिला. गवत नाही, काही नाही. पंखा तुटलेलाही नाही. मी जाधवभाऊंकडे पाहिलं, ते माझ्याकडे. शंभर टनाचे डंपर आणि पंचवीस वर्षांची फिटरकी, दोन्ही तिथे कामाला येईनात.

"मिक्सर," याडी म्हणाली.

"काय?"

"आपला मिक्सर. भांड्याखालचं थे रबराचं फूल घासलं का असाच बोंबलते. खालून मोटर फिरते, वरतं पातं फिरत नाही."

मी आणि जाधवभाऊ एकदमच थिजलो. पंख्याच्या मधोमध रबराचा बुश असतो. इंजिनाचा दांडा त्या रबराला फिरवतो, रबर पंख्याला फिरवतं. जुनं झालेलं रबर मी एकदम जोर दिल्यावर निसटलं होतं. दांडा आत नुसताच गरगरत होता.

"मग मिक्सरचं काय करतं तू?" मी विचारलं. जन्मात पहिल्यांदा मी तिला मशीनबद्दल काही विचारत होतो.

"बटन एकावर ठेवा लागते. दोनावर नेलं का नुसता भोंगा. एकावर हळूहळू चटणी होते."

मी मूठ सोडत सोडत अगदी खाली आणली. किंचाळणं थांबलं. गुरगुर झाली. गुरगुरीची टुकटुक झाली. आणि होडी हलली! बोटभर, मग वीतभर. अमोलने फांदी सोडली. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या लाल झाल्या होत्या.

"आता हात नको लावू थ्याले," याडी मला म्हणाली. "घाई नाही आपल्याले."

मग आम्ही निघालो. एकावर. पाणबदकांचं एक कुटुंब मागून आलं, आमच्या बाजूने पुढे गेलं आणि दिसेनासं झालं. मला दोनदा मूठ थोडीशी वाढवावीशी वाटली. दोन्ही वेळा याडीने माझ्या मनगटावर हात ठेवला. थेंब पडायला लागले. पावसात भिजत वणीचे पाहुणे आणि आम्ही चटणीच्या वेगाने तांड्याकडे सरकत होतो. काठावरची माणसं पाण्याच्या कडेने आमच्यासोबत चालू लागली. त्यांना अधूनमधून आमच्यासाठी थांबावं लागत होतं.

उतरल्यावर आत्या जमिनीवर बसल्या आणि पाच मिनिटं उठल्या नाहीत. जाधवभाऊ मला म्हणाले, "गुलाबभाऊ, जाताना आम्ही गाडीने जातो." एवढंच. तेवढ्यावरून मला पुरतं कळलं.

मंडपात सगळे बसले. पल्लवी चहाचा ट्रे घेऊन आली. ती यवतमाळला दवाखान्यात नर्स आहे. तिने अमोलच्या हातांकडे पाहिलं, ट्रे तिथेच खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, सुई आण. गॅसवर धरून आण. आणि माझी औषधाची पेटी."

मग ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि एकेक काटा काढायला लागली. मंडपात पंधरा-वीस माणसं होती. पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला की नाही हे कुणालाच कळेना. मुलीला प्रश्न विचारायचे म्हणून बसलेल्या बायका सुईकडेच पाहत राहिल्या. त्याचा हात तिच्या हातात चांगला अर्धा तास होता, दोन्हीकडच्या थोरामोठ्यांसमोर, आणि त्या अर्ध्या तासात ती दोघं हळू आवाजात काय बोलली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. एकदा तो "आई गं!" म्हणाला आणि ती हसली, एवढंच आम्हाला ऐकू आलं.

चार दिवसांनी वणीहून होकार आला. आत्यांनी स्वतः फोन केला.

"आणि तुझं काय?" मी पल्लवीला विचारलं.

"माझं तर नाही म्हणायचं ठरलं होतं, बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी ते वेळेवर आले असते ना, तर मी चहा देऊन, नाव सांगून आत गेले असते. आणि रात्री तुम्हाला नाही म्हणून सांगितलं असतं."

माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी दुरुस्त केलेल्या मशिनांनी कुणाचं एवढं भलं केल्याचं आठवत नाही.

ही गोष्ट तांड्यात पसरायला वेळ लागला नाही. गेल्या आठवड्यात रामधनकाका आले. त्यांची नात लग्नाची आहे, पुढच्या रविवारी दारव्ह्याचे पाहुणे येणार आहेत. ते अंगणात बराच वेळ मोटरीभोवती फिरले.

"गुलाब, होडी देतं का?"

"देतो ना काका! फक्त रबर बदलायचं राह्यलं. दोन दिवसांत टकाटक करून देतो."

रामधनकाका घाबरून एक पाऊल मागे सरले. त्यांनी हात जोडले.

"नाही रे बाबा! तू पान्याले हात लावू नको. आहे तशीच दे!"

"तेवढं माझ्याच्यानं नक्की होईल, काका," मी म्हणालो.

आतून याडीचा आवाज आला, "थे बी त्याच्याच्यानं होणार नाही, रामधन. तू आपला रस्त्यानं आण पाहुण्यांले!"